'माझे आहे' आणि 'माझ्याकडे आहे' : इंडोनेशियन भाषेतील मालकीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी सून योग्याकार्ताची आहे. तिच्या माहेरच्या माणसांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून निवृत्तीनंतर मी इंडोनेशियन भाषा शिकू लागलो. माझे पुस्तक इंग्रजीतून शिकवते आणि त्यात 'हॅव'साठी 'पुन्या' हा शब्द दिला आहे. त्याप्रमाणे मी 'साया पुन्या दुआ आनाक', म्हणजे 'मला दोन मुले आहेत', असे म्हणालो. सून म्हणाली, 'बाबा, चूक नाही, पण आई असे म्हणणार नाही.' विहीणबाई खरोखरच 'आनाक साया दुआ' म्हणाल्या. या वाक्यात क्रियापदच नाही. मग 'असणे' कोठे गेले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सूनबाईंचे म्हणणे नेमके आहे. आपण निवडलेला शब्द चुकीचा नाही; आपण मराठीतून आधी इंग्रजीत गेलात आणि तेथून इंडोनेशियनमध्ये उतरलात, एवढेच झाले. मधला मुक्काम टाळला असता तर विहीणबाईंचे वाक्य परके वाटले नसते, कारण इंग्रजी 'हॅव'सारखे क्रियापद मुळात मराठीतही नाही. 'मला दोन मुले आहेत' असे आपण म्हणतो, पण 'मला पैसे आहेत' असे म्हणत नाही. पैसे 'माझ्याकडे' असतात. खिडक्या घराला असतात, ताप अंगात असतो, जमीन 'माझी' असते. नाते, वस्तू, अवयव आणि हक्क यांसाठी आपण वेगवेगळे प्रत्यय योजतो आणि क्रियापद मात्र 'असणे' हे एकच ठेवतो. ज्याच्या कानाला जन्मापासून ही सवय आहे, त्याने इंडोनेशियन शिकताना सगळा भार एकट्या 'पुन्या'वर टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

विहीणबाईंच्या वाक्यात 'आनाक' म्हणजे मूल, 'साया' म्हणजे मी आणि 'दुआ' म्हणजे दोन. 'आनाक साया' या जोडीचा अर्थ 'माझी मुले' असा होतो आणि 'दुआ' हे विधेय ठरते. अशा वाक्याला 'आहे'ची गरज नसते, आणि संख्या सांगितली की अनेकवचन कळतेच, म्हणून 'आनाक' हा शब्दही बदलत नाही. 'माझी मुले दोन. थोरली नाशिकला असते, धाकटा इथेच' असे आपण बोलतो, त्याच घडणीचे हे वाक्य आहे. त्यात बोलणे मुलांविषयी चालले आहे. आपल्या वाक्यात मात्र बोलणे आपल्याविषयी, म्हणजे मुलांच्या धन्याविषयी झाले. कोणाला किती मुले आहेत याची तुलना चालली असेल तर ते शोभले असते.

आता जोडीतला क्रम पाहावा. मराठीत ज्याचे घर तो आधी येतो. इंडोनेशियनमध्ये घर आधी आणि धनी नंतर. 'रुमाह साया' म्हणजे माझे घर. मध्ये 'चा-ची-चे' नाही, लिंग नाही, वचन नाही; दोन शब्द शेजारी ठेवले की मालकी झाली. नाती लांबत गेली की मौज दिसते. 'माझ्या वडिलांच्या मित्राचे घर' हे इंडोनेशियनमध्ये 'रुमाह तमान आयाह साया' असे होते : घर, मित्र, वडील, मी. आपले वाक्य उलट्या टोकाने वाचावे तसे ते आहे, आणि आपण जेथे शब्दाशब्दाला सामान्यरूप केले तेथे त्यांनी एकही शब्द बदललेला नाही. मराठी माणसाने अशा साखळ्या रोज पाच-दहा उलटवून पाहाव्यात; आठवड्याभरात जीभ वळते.

'माझे, तुझे, त्याचे' यांसाठी शब्दाला चिकटणारी छोटी रूपेही आहेत : 'रुमाहकू', 'रुमाहमू', 'रुमाहन्या'. यांतले 'कू' जवळिकीचे आणि काव्यातले. 'मू' मित्राला, धाकट्याला किंवा देवाला उद्देशून वापरतात. विहीणबाईंशी बोलताना ते कटाक्षाने टाळावे. वडीलधाऱ्या स्त्रीला 'रुमाह इबू' आणि पुरुषाला 'रुमाह बापाक' असे म्हणतात. 'इबू' म्हणजे आई आणि 'बापाक' म्हणजे वडील, पण येथे त्यांचा अर्थ 'आपले घर' एवढाच असतो. सर्वनामाची जागा नात्याच्या शब्दाने घ्यायची, ही तिथली आदराची रीत आहे.

'न्या'ची कथा अधिक मोठी आहे. तो, ती, ते हा भेद त्यात नाही, आणि पुष्कळदा त्यात मालकीही उरत नाही. बाजारात 'हार्गान्या बरापा?' असे विचारतात. 'बरापा' म्हणजे किती आणि 'हार्गा' म्हणजे किंमत; हा संस्कृतातला 'अर्घ' आहे, ज्याला आपण 'महाग'च्या पोटातल्या 'महार्घ'मध्ये ओळखतो. शब्दशः अर्थ 'त्याची किंमत किती?' असा असला, तरी 'न्या'चे खरे काम 'समोर आहे त्याची, आत्ता बोलतो आहोत ती' असे बोट दाखवण्याचे आहे. आपली सून जावाची असल्यामुळे घरात 'रुमाहन्या आली', म्हणजे 'आलीचे घर' ('आली' हे येथे माणसाचे नाव आहे), असेही ऐकू येईल. जावानीज भाषेत 'ओमाहे आली' असे म्हणतात आणि त्या वळणाने हा 'न्या' बोलण्यात शिरतो. लिहिताना मात्र 'रुमाह आली' एवढेच लिहावे.

यानंतर 'आदा'. योग्याकार्तामध्ये शिकत असताना माझ्या खोलीच्या गल्लीत एक वारुंग, म्हणजे घरगुती टपरीवजा दुकान होते. पहिल्या दिवशी मी पुस्तकात शिकलेले पूर्ण वाक्य जुळवून 'आपल्यापाशी कॉफी आहे का?' असे 'पुन्या' घालून विचारले. बाईंनी समजून घेऊन कॉफी दिली. माझ्यामागून आलेला शाळकरी मुलगा मात्र फक्त 'कोपी आदा, बू?' म्हणाला आणि त्यांनी 'आदा' असे उत्तर दिले. मी थक्क झालो, कारण हे तर आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले 'साखर आहे का हो?' आणि 'आहे' होते. दुकानात माल कोणाच्या मालकीचा आहे हे कोणी विचारत नाही. तो आहे की संपला एवढेच विचारतात. सुट्या पैशांचेही तसेच : 'उआंग कचील आदा?' 'उआंग' म्हणजे पैसे, 'कचील' म्हणजे लहान. 'सुटे आहेत का?' या आपल्या प्रश्नातही माणूस नसतो. त्या दिवसापासून मी इंडोनेशियन वाक्य जुळवण्यापूर्वी ते मराठीत ऐकू लागलो.

चौथी रीत 'बर्' या उपसर्गाची, आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. नामाला 'बर्' लावले की 'ते असलेला' असा शब्द तयार होतो. 'काकी' म्हणजे पाय आणि 'अम्पात' म्हणजे चार, म्हणून 'बर्काकी अम्पात' म्हणजे चार पायांचा. 'आताप' म्हणजे छप्पर आणि 'गन्तेंग' म्हणजे कौल, म्हणून 'रुमाह बर्आताप गन्तेंग' म्हणजे आपले कौलारू घर. लग्न झालेली बाई 'बर्सुआमी' असते आणि लग्न झालेला पुरुष 'बरिस्त्री' असतो. त्यांतले 'सुआमी' आणि 'इस्त्री' हे आपले 'स्वामी' आणि 'स्त्री' आहेत. भय ज्यात आहे ते 'बर्बाहाया', म्हणजे धोकादायक. गुण ज्यात आहे ते 'बर्गुना', म्हणजे उपयोगी. आपण 'केसाळ', 'शिंगाळ', 'गुणवंत' असे शब्द घडवतो, पण आपल्याला प्रत्येक नामासाठी प्रत्यय निवडावा लागतो आणि पुष्कळ नामांना तो लागतच नाही. 'बर्' मात्र फार थोड्या नामांना नाही म्हणतो.

तरीही येथे एक सावधगिरी हवी. 'बर्' म्हणजे नेहमी मालकी नव्हे. 'बर्काचामाता' म्हणजे चष्मा लावलेला (यातला 'काचा' म्हणजे आपली काच आणि 'माता' म्हणजे डोळा), 'बर्बाजू मेराह' म्हणजे लाल सदरा घातलेला आणि 'बर्सपेदा' म्हणजे सायकलवरून जाणे. ती सायकल शेजाऱ्याची असली तरी शब्द चुकत नाही. ती त्याच्या मालकीची आहे असे सांगायचे असेल तर मात्र 'पुन्या सपेदा' असेच म्हणावे लागते. आणखी एक शब्द प्रत्येक विद्यार्थ्याला अडवतो. 'उआंग' असलेला तो 'बरुआंग', म्हणजे पैसेवाला. पण अस्वलालाही 'बरुआंग' असेच म्हणतात आणि दोन्ही शब्दांचे स्पेलिंग एकच आहे. उच्चारात पहिल्याची फोड बर्-उआंग अशी आणि दुसऱ्याची ब-रु-आंग अशी होते.

'बर्'शी संबंध नसला तरी येथे सांगण्याजोगे आहे, की संस्कृतचा 'वान' हा मालकीचा प्रत्ययही त्या भाषेत जिवंत आहे. श्रीमंत माणूस 'हार्तावान' ('हार्ता' म्हणजे आपला अर्थ), दानशूर 'दर्मावान', देखणा 'रूपावान' आणि शहाणा 'बुदीमान'. पत्रकाराला 'वार्तावान' म्हणतात. ज्याच्यापाशी वार्ता आहे तो वार्तावान, हा शब्द मराठीत घडला नाही याची मला आजही हळहळ वाटते.

मग 'पुन्या' कोठे वापरावा? जेथे माणसाकडेच लक्ष आहे तेथे. 'सुदाह पुन्या आनाक?' म्हणजे 'मुलेबाळे आहेत का?' हा प्रश्न आपल्याला तिकडे पहिल्या भेटीतच विचारला जाईल. कोणाला मूल नसेल तर सहसा 'नाही' म्हणत नाहीत, 'बलूम' म्हणजे 'अजून नाही' असे म्हणतात. विवाहाविषयीच्या प्रश्नालाही हेच उत्तर आहे. पुढच्या भेटीत आपण 'चुचू साया सातू' म्हणजे 'माझे नातवंड एक' असे म्हणून पाहावे. विहीणबाईंना आनंद होईल.

प्रश्न : मी जकार्ताच्या ग्राहकांची कागदपत्रे हाताळते. त्यांत 'पुन्या' जवळजवळ दिसतच नाही. 'मम्पुन्याई', 'ममिलिकी' आणि 'मिलिक' दिसतात. 'मिलिक' हा आपला 'मालक' आहे का? आणि 'पुन्या'चा पुण्याशी काही संबंध आहे का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही.

'मिलिक' हा अरबीतून मलय भाषेत (इंडोनेशियन हे तिचेच एक प्रमाण रूप) गेलेला शब्द आहे, आणि 'मालक', 'मालकी' व 'मुलूख' हे आपले शब्द फारसीच्या वाटेने त्याच अरबी धातूपासून आले आहेत. 'मिलिक'पासून 'ममिलिकी' म्हणजे मालकी असणे, 'पमिलिक' म्हणजे मालक आणि 'दिमिलिकी' म्हणजे मालकीत असलेले असे शब्द होतात.

'पुन्या'त पुण्य नाही. तिथला 'न्या' हा एकच वर्ण आहे, आपल्या 'ञ'सारखा. मूळ शब्द 'अम्पुन्या' आहे : 'अम्पू' म्हणजे धनी किंवा स्वामी, आणि त्याला 'न्या' म्हणजे 'त्याचा'. म्हणून 'पुन्या' म्हणजे 'त्याचा धनी'. जुन्या मलय लेखनातला 'यांग अम्पुन्या रुमाह' म्हणजे शब्दशः आपला घरधनी. हाच 'अम्पू' किंवा 'म्पू' जावामध्ये श्रेष्ठ कवीला आणि क्रिस नावाचा खंजीर घडवणाऱ्या कारागिराला मानाने लावतात. इंडोनेशियाचे राष्ट्रीय ब्रीदवाक्य ज्याच्या चौदाव्या शतकातील काव्यातून घेतले, त्या म्पू तान्तुलारच्या नावातही तो आहे. आपण ज्याला क्रियापद समजतो तो मुळात 'धनी' हे नाम आहे, हे कळले की त्याची एक खोडही समजते. 'प'ने सुरू होणाऱ्या धातूला 'मम्' लागले की 'प' गळतो. 'पुकुल' म्हणजे मारणे, त्याचे 'ममुकुल' होते. 'पुन्या'चे मात्र 'ममुन्याई' न होता 'मम्पुन्याई' होते, कारण तो 'प' मुळातच 'अम्पू'च्या मधला आहे.

व्यवहारात 'पुन्या' बोलण्याचा आणि 'मम्पुन्याई' व 'ममिलिकी' लिहिण्याचे, एवढे लक्षात ठेवले तरी पत्रव्यवहार बिघडणार नाही. कायद्याच्या भाषेत मात्र 'मिलिक' जपून वाचावा. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्यात 'हाक मिलिक' हा जमिनीवरचा सर्वांत भक्कम आणि पूर्ण, वारसाने चालणारा हक्क आहे. 'हाक' म्हणजे आपलाच 'हक्क', म्हणजे हे दोन्ही शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे. 'हाक गुना बांगुनान' म्हणजे जमिनीवर ठरावीक मुदतीसाठी इमारत बांधून वापरण्याचा हक्क आणि 'हाक पाकाई' म्हणजे वापराचा हक्क. हाक मिलिक परदेशी नागरिकाला मिळत नाही. हाक पाकाई मिळू शकतो. बालीमध्ये घर घेण्याचा विचार करणाऱ्या आपल्या माणसांनी करारातला 'हाक'नंतरचा शब्द आधी वाचावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक बारकावा. सरकारी कंपन्यांना 'बादान उसाहा मिलिक नगारा', म्हणजे राज्याच्या मालकीचे उद्योग, असे म्हणतात. परंतु 1945 च्या संविधानाच्या 33 व्या कलमात भूमी, पाणी आणि त्यांतली नैसर्गिक संपत्ती राज्याच्या 'मालकीची' आहे असे म्हटलेले नाही. तेथे 'दिकुआसाई', म्हणजे राज्याच्या अधिकाराखाली, असा शब्द आहे, आणि ती संपत्ती लोकांच्या जास्तीत जास्त भरभराटीसाठी वापरावी असे पुढे लिहिले आहे. 'दिमिलिकी' आणि 'दिकुआसाई' या दोन शब्दांतले अंतर भाषांतरात पुसले गेले तर तो मोठा दोष ठरेल, कारण राज्य त्या संपत्तीचे धनी आहे की तिचा कारभार पाहणारे, हा प्रश्न त्या एका शब्दात आहे.

प्रश्न : 'रुमाह कामी' आणि 'रुमाह कीता' या दोन्हींचे भाषांतर इंग्रजी कोशात एकच दिले आहे. फरक काय? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : 'रुमाह कामी' म्हणजे आमचे घर आणि 'रुमाह कीता' म्हणजे आपले घर. मराठी माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही, आणि हिंदीतल्या 'हमारा'ने हा प्रश्न सुटलाही नसता. पाहुण्याला पत्ता देताना 'कामी', घरातल्यांशी रंगकामाविषयी बोलताना 'कीता'. 28 ऑक्टोबर 1928 रोजी तरुणांनी एक देश, एक राष्ट्र आणि एक भाषा यांची शपथ घेतली, तिची सुरुवात 'कामी' या शब्दाने होते. 17 ऑगस्ट 1945 च्या स्वातंत्र्याच्या घोषणेचीही तशीच. दोन्ही वेळी बोलणारे जगाला ऐकवत होते, म्हणून 'आम्ही'. मायभूमीविषयी आपसांत बोलताना मात्र 'तानाह आइर कीता', म्हणजे आपली माती आणि आपले पाणी. जकार्ताच्या रोजच्या बोलण्यात 'कामी'च्या जागीही 'कीता' येतो. आपण तसे ऐकावे, पण शिकताना भेद सांभाळावा.

प्रश्न : जहाजावर नोकरीला असताना अम्बोन बंदरात 'बेता पुंग रुमा' असे ऐकले. माझ्या इंडोनेशियन सहकाऱ्याने त्याचा अर्थ 'माझे घर' असा सांगितला. येथे क्रम उलटा कसा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण ऐकलेली बोली अम्बोनची मलय आहे. 'बेता' म्हणजे मी, 'पुंग' म्हणजे झिजलेला 'पुन्या' आणि 'रुमा' म्हणजे शेवटचा 'ह' गेलेला 'रुमाह'. पूर्वेकडच्या बोलींत 'पुन्या' हा आपल्या 'चा'सारखा दोन नामांमध्ये बसतो. पापुआमध्ये 'सा पू रुमाह' म्हणतात, मनाडोमध्ये 'कीता पे रुमाह', आणि मनाडोतल्या 'कीता'चा अर्थ 'मी' असा आहे, हे आधीच्या उत्तराच्या संदर्भात ध्यानात ठेवावे. बंदरांतल्या बाजारी मलयमध्येही ही रचना प्रचलित होती. म्हणून 'साया पुन्या रुमाह' हे शब्द प्रमाण भाषेत 'मला घर आहे' असे पूर्ण वाक्य होतात, पण बाजारी वळणाच्या बोलण्यात त्यांचा अर्थ नुसता 'माझे घर' असा असून पुढे काहीतरी यायचे असते. ऐकणाऱ्याने थोडे थांबावे. माझे, मग 'चे', मग घर हा क्रम कोकणातल्या माणसाच्या कानाला घरचा वाटला असेल, यात नवल नाही.

प्रश्न : 'माझ्याकडे नाही' आणि 'हे माझे नाही' या दोन्हींत 'तीदाक' वापरला तर चालेल का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : चालणार नाही. 'माझ्याकडे पैसे नाहीत' यासाठी 'साया तीदाक पुन्या उआंग' म्हणावे. येथे असण्याचा नकार आहे. 'हे माझे नाही' यात वस्तू आहे, पण ती माझी असण्याचा नकार आहे, आणि नामाच्या नकाराला 'बुकान' लागतो : 'इनी बुकान पुन्या साया'. जुन्या पिढीची मराठी येथे उपयोगी पडते. जेथे आजी 'नाही' म्हणेल तेथे बहुधा 'तीदाक', आणि जेथे ती 'हे माझे नव्हे' म्हणेल तेथे 'बुकान'. रेल्वेच्या डब्यात कोणी विसरलेल्या छत्रीकडे बोट दाखवून 'पुन्या सिआपा?', म्हणजे 'कोणाची?', असे विचारले, तर 'बुकान पुन्या साया' एवढे उत्तर पुरते.